जुने हॉर्न स्पीकर अपग्रेड करायचेत? आधी काय तपासायचं आणि मग कशाला हात लावायचा

जुने हॉर्न स्पीकर, म्हणजे ज्यांच्या तोंडाशी भोंगा असतो ते मोठे स्पीकर, परत लोकांच्या घरात यायला लागलेत. क्लिपश कंपनीचे क्लिपशहॉर्न आणि ला स्काला, अल्टेकचे व्हॉइस ऑफ द थिएटर, जेबीएलचे मोठे मॉनिटर. एखादं थिएटर बंद पडलं की निघतात, कुणाच्या तरी माळ्यावरून निघतात, आणि नवीन मालकाच्या हातात आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "याचे कपॅसिटर (आतल्या सर्किटमधले वीज साठवणारे भाग) बदलू का?" मग कुणी म्हणतं बदल, कुणी म्हणतं हात लावू नकोस, कुणी म्हणतं हॉर्नच बदल, कुणी डीएसपी लाव म्हणतं, आणि बिचाऱ्या माणसाला कळतच नाही की सुरुवात कुठून करायची.

माझं मत आधीच सांगतो. हे स्पीकर म्हणजे एकमेकांत अडकवलेल्या भागांची साखळी आहे, एक कडी बदलली की पुढच्या दोन हलतात. म्हणून आधी तो स्पीकर बनला तेव्हा जसा होता त्या स्थितीत आणायचा, मग मोजायचं, आणि त्यानंतर काय सुधारायचं ते ठरवायचं. क्रम उलटा झाला की पैसे जातात आणि आवाज नुसता वेगळा होतो, चांगला होतोच असं नाही.

पण हॉर्न नेमका करतो काय?

तोंडाभोवती दोन्ही तळवे धरून हाक मारली की आवाज लांब जातो. गळ्यात जोर तेवढाच असतो, पण हवेला तो जास्त चांगला पकडता येतो. स्पीकरचा पडदा म्हणजे डायफ्रॅम हवेच्या मानाने जड असतो आणि हवा एकदम हलकी, त्यामुळे साध्या स्पीकरमध्ये पडदा हलतो खूप पण त्यातली बरीचशी मेहनत हवेपर्यंत पोचतच नाही. साध्या कोनवाल्या स्पीकरमध्ये दिलेल्या विजेतली साधारण एक टक्का वीज आवाज बनते, बाकी उष्णता. हॉर्न इथे सायकलच्या गिअरचं काम करतो. अरुंद बाजूला, म्हणजे घशाशी, पडद्यासमोर हवेचा दाब जास्त आणि हलणारी हवा थोडी, आणि रुंद तोंडाशी येईपर्यंत दाब कमी होऊन जास्त हवा हलायला लागते. पडद्याला योग्य तेवढा भार मिळतो आणि वीज आवाजात बदलायचं प्रमाण कितीतरी पटीने वाढतं.

आकड्यात बघायचं तर एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती आवाज येतो त्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. आजच्या घरगुती स्पीकरची ती ८५ ते ९० डेसिबल असते, क्लिपशहॉर्न किंवा ला स्कालाची १०४ च्या आसपास. फरक दिसायला छोटा आहे पण डेसिबलचं गणित असं की १७ डेसिबलचा फरक म्हणजे साधारण पन्नासपट वीज. जिथे ८७ वाल्या स्पीकरला ५० वॅट लागतात तिथे हा एका वॅटमध्ये तेवढाच वाजतो.

याची गरज होती म्हणूनच हॉर्न आले. १९२६ च्या सुमारास सिनेमाला आवाज जोडायला सुरुवात झाली तेव्हा अॅम्प्लिफायर मोजक्या वॅटचे होते आणि सभागृह भरायचं होतं, म्हणून वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ५५५ ड्रायव्हर, म्हणजे विजेचा आवाज करणारा भाग, आणि त्याच्यापुढे माणसापेक्षा मोठा हॉर्न. पॉल क्लिपश यांनी १९४० च्या दशकात तो बास हॉर्न घडी घालून घराच्या कोपऱ्यात बसवला.

आणि यातून आणखी एक गोष्ट मिळते जी मला जास्त महत्त्वाची वाटते. पडद्याला कमी हलावं लागतं म्हणून विकृती, म्हणजे मूळ आवाजात नसलेली भर, कमी होते. ड्रमचा ठोका, ट्रंपेटची फुंक, जोरात गाणारा गळा यात जी ताकद आणि मोकळेपणा ऐकू येतो तो इथून येतो. अपग्रेडच्या नादात हाच गुण घालवला तर मग काय उरलं?

इतक्या वर्षांत बिघडतं काय?

लोकांना वाटतं त्यापेक्षा कमी, पण वाटतं त्यापेक्षा वेगळ्या जागी. सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे हवा गळणं. क्लिपशहॉर्न, ला स्कालासारख्यांत बास ड्रायव्हरच्या मागची बंद पेटी खरंच बंद असावी लागते, आणि चाळीस-पन्नास वर्षांत गॅस्केट सुकून कडक होतं, स्क्रू ढिले पडतात, लाकडाच्या जोडात फट येते. बास पोकळ वाटतोय, दम नाहीये, तर आधी सगळे स्क्रू घट्ट करा आणि गॅस्केट बदला. खर्च जवळजवळ नाही आणि फरक कित्येक महागड्या कपॅसिटरपेक्षा जास्त.

दुसरी जागा कम्प्रेशन ड्रायव्हर, म्हणजे हॉर्नच्या घशाशी बसवलेलं ते जड लोहचुंबकाचं डबडं. मागचं झाकण उघडलं की आत पातळ घुमटासारखा डायफ्रॅम दिसतो, अॅल्युमिनियमचा असेल तर इतका पातळ की बोट लागलं तरी खळगा पडतो. तो उचलला की खाली गोल फट, व्हॉइस कॉइल, म्हणजे डायफ्रॅमला जोडलेली तारेची गुंडाळी, याच फटीत हलते आणि दोन्ही बाजूंना अंतर मिलिमीटरच्या काही भागाएवढं. त्या फटीत लोखंडाचा बारीक भुगा चिकटलेला असला तर काही सुरांवर खरखर येते आणि माणूस बिचारा आवाज वाटून देणाऱ्या सर्किटला, म्हणजे क्रॉसओव्हरला, दोष देत बसतो. चिकटपट्टीची घडी करून, चिकट बाजू बाहेर ठेवून फटीतून फिरवली की काळा भुगा चिकटून वर येतो, पट्टी स्वच्छ निघेपर्यंत हे करायचं. स्क्रू ड्रायव्हर मात्र त्या चुंबकापासून लांब ठेवा, हातातून खेचला जातो आणि डायफ्रॅम फाटतो.

डायफ्रॅम बदलायचाच असेल तर ओहम, म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचा आकडा, जुळवून घ्या. जुन्या ड्रायव्हरपैकी बरेच १६ ओहमचे आहेत आणि बाजारात ८ ओहमचा डायफ्रॅमही तितक्याच सहज बसतो, पण क्रॉसओव्हर १६ साठी बनवलाय, ८ लावला की आवाज कुठे विभागला जातो ती जागाच सरकते. अॅल्युमिनियमच्या जागी टायटॅनियम घेतला तर तो जास्त टिकतो पण वरच्या सुरात त्याचा स्वतःचा एक कडकपणा असतो, काहींना तो चमकदार वाटतो, मला ऐकायला थकवा येतो. बेरिलियम कामगिरीत वर आहे आणि किमतीतही.

वूफरचं, म्हणजे बासच्या ड्रायव्हरचं, सांगायचं तर त्या काळातल्या बऱ्याच हॉर्न सिस्टिममध्ये कडेची किनार रसायन लावलेल्या कापडाची असायची आणि ती फोमसारखी झडत नाही. बघा, ठीक असेल तर सोडून द्या.

कपॅसिटर बदलायचे की नाही?

क्रॉसओव्हर म्हणजे आवाजाची वाटणी करणारं सर्किट, खालचे सूर वूफरला, मधले मिडला, वरचे ट्विटरला. त्यात मुख्यतः कॉइल आणि कपॅसिटर असतात. कॉइल म्हातारी होत नाही, कपॅसिटर होतो. जुन्या कपॅसिटरच्या आत वर्षं जातील तसा विरोध वाढतो, आणि त्या विरोधात ट्विटरकडे जाणारा थोडा थोडा आवाज जिरत जातो. म्हणून जुना हॉर्न स्पीकर कधीकधी मऊ, मखमली वाटतो आणि लोक त्याला व्हिंटेज आवाज म्हणतात, प्रत्यक्षात निम्मा ट्विटर झोपलेला असतो.

तेव्हा हो, बदला, पण मोजून. कपॅसिटर मोजणारा एलसीआर मीटर मिळतो, कपॅसिटरचं एक टोक सोडवा आणि मोजा. मूल्य छापील आकड्यापासून दहा टक्क्यांपेक्षा जास्त सरकलंय किंवा आतला विरोध वाढलाय तर बदला. उदाहरण घ्यायचं तर क्लिपशच्या टाइप एए क्रॉसओव्हरमध्ये मिडला १३ मायक्रोफॅरड (कपॅसिटरचं माप) आणि ट्विटरच्या वाटेवर २ मायक्रोफॅरडचे दोन असतात, तीच मूल्यं ठेवा. साधे चांगल्या दर्जाचे पॉलिप्रॉपिलीन पुरतात. एकेका कपॅसिटरला स्पीकरच्या निम्मी किंमत मोजून जे मिळतं असं सांगितलं जातं, ते मला मोजमापात दिसलेलं नाही.

"पण नवीन टाकल्यावर आवाज टोचायला लागला!" ही तक्रार खरी असते. आवाज बिघडलेला नसतो, ट्विटर त्याच्या मूळ जोरावर परत आलेला असतो, आणि कानाला झोपलेल्या ट्विटरची सवय झालीये म्हणून तो जास्त वाटतो. काही आठवडे ऐका, तरी जास्त वाटला तर ट्विटरच्या वाटेत एखादा ओहमचा रेझिस्टर टाकून बघा.

एक इशारा इथेच देतो कारण हा खेळ तब्येतीचा आहे. पत्र्याच्या डबीतले जुने तेलाचे कपॅसिटर, खासकरून १९७९ च्या आधीचे, यातल्या काहींत पीसीबी नावाचं विषारी रसायन असतं, अमेरिकेत त्याचं उत्पादन त्याच वर्षी बंद केलं गेलं. डबी गळत असेल, चिकट असेल तर उघड्या हाताने धरू नका, फोडू नका, कचऱ्यात टाकू नका, घातक कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

मिड जरा कमी करायचाय, त्यात काय एवढं?

त्यातच सगळं आहे, म्हणून इथे थांबून सांगतो. हॉर्न मिड वूफरपेक्षा जोरात वाजतो, म्हणून क्लिपशने मध्ये ऑटोट्रान्सफॉर्मर टाकलाय, एकच गुंडाळी आणि तिला वेगवेगळ्या जागी फाटे, प्रत्येक फाटा ३ डेसिबलने खाली. घरात मिड पुढे आल्यासारखा वाटला की लोक वायर काढून पुढच्या फाट्याला लावतात, आवाज कमी होतो, खूश.

पण प्रत्येक ३ डेसिबल खाली गेलं की क्रॉसओव्हरला तो ड्रायव्हर दुप्पट ओहमचा दिसतो. १६ ओहमचा मिड ३ डेसिबल खाली ठेवला तर ३२ चा दिसतो, आणि १३ मायक्रोफॅरडबरोबर त्याचं गणित ३८० हर्ट्झच्या आसपास बसतं, कंपनीने ठरवलेलं साधारण ४०० तेच. आणखी ३ डेसिबल खाली गेलात की ६४ ओहम, आणि तोच १३ चा कपॅसिटर आता १९० हर्ट्झपासून आवाज आत सोडतो. म्हणजे मिडचा जोर कमी करायला गेलात आणि त्या नाजूक डायफ्रॅमला एक पूर्ण सप्तक खालचे सूर वाजवायला लावलेत, जिथे हॉर्न त्याला भारच देत नाही. आवाज गढूळ होतो आणि डायफ्रॅमला धोका वेगळाच.

उपाय दोन. कपॅसिटरही निम्मा करायचा, १३ चा साडेसहा. किंवा ऑटोट्रान्सफॉर्मरच्या आधी समांतर १० ओहमचा जाड वॅटेजचा रेझिस्टर लावायचा आणि कपॅसिटर त्या हिशेबाने एकदाच ठरवायचा, मग फाटा कुठलाही निवडा, क्रॉसओव्हरला ओहम जवळपास तेवढेच दिसतात. थोडी वीज वाया जाते, पण १०० च्या वर सेन्सिटिव्हिटी असताना ती परवडते.

नाकात बोलल्यासारखा आवाज कुठून येतो?

हॉर्नवर सगळ्यात जुना आरोप हाच, आणि आरोप खोटा नाही, फक्त कारणं एकापेक्षा जास्त आहेत.

पहिलं कारण हॉर्नचं अंग. अल्टेकचे ५११ आणि ८११ हे ओतीव अॅल्युमिनियमचे हॉर्न हातात धरून बोटाच्या पेराने ठोका, टण्ण आवाज येतो आणि रेंगाळत राहतो. वाजवताना तो टणत्कार गाण्यात मिसळतो. बाहेरून, आतून कधीच नाही, गाडीच्या पत्र्याला लावतात तसली ब्यूटिल डॅम्पिंगची पट्टी घट्ट दाबून चिकटवा आणि परत ठोका, आवाज ठप्प झाला पाहिजे. सोपं आहे, काढून टाकता येतं, आणि ऐकू येतं.

दुसरं कारण, हॉर्न त्याच्या ताकदीच्या बाहेर वाजवणं. प्रत्येक हॉर्नला एक खालची मर्यादा असते आणि तिच्या जवळ गेलं की तोंडाशी आवाजाचा काही भाग परत आत फिरतो, काही सूर फुगतात काही दबतात. अल्टेकचं नावच सांगतं, ५११ साधारण ५०० हर्ट्झपासून, ८११ साधारण ८०० पासून. ८११ ला ५०० हर्ट्झपासूनच वाजवायला लावलंत तर कितीही डॅम्पिंग लावा, नाकातला आवाज जाणार नाही.

तिसरं, आवाजाचं पसरणं. जुन्या एक्स्पोनेन्शियल, म्हणजे ठराविक अंतराला ठराविक पटीने रुंदावत जाणाऱ्या, हॉर्नमध्ये सूर जितका वरचा तितका झोत अरुंद, समोर बसलेल्याला भडक आणि शेजारी बसलेल्याला मंद. इथे हॉर्न बदलणं हा खरा अपग्रेड ठरू शकतो, ट्रॅक्ट्रिक्स नावाच्या वक्राचा लाकडी हॉर्न किंवा १९७० च्या दशकापासून आलेले कॉन्स्टंट डायरेक्टिव्हिटी, म्हणजे सगळ्या सुरांना सारखाच कोन देणारे हॉर्न. पण त्यात मेख आहे. असा सारखा कोन देणारा हॉर्न वरचे सूर समोर एकवटत नाही, त्यामुळे ते समोर कमी पडतात आणि क्रॉसओव्हरमध्ये तेवढे उचलून द्यावे लागतात. जुन्या क्रॉसओव्हरवर नवा हॉर्न नुसता स्क्रूने बसवून भागत नाही. ड्रायव्हरचं भोक आणि हॉर्नच्या घशाचं भोक एका मापाचं असावं लागतं हेही बघा, मध्ये पायरी आली की वरचे सूर तिथेच अडखळतात.

तीन ड्रायव्हर, तीन वेळा

आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटर जायला जवळपास ३ मिलिसेकंद. बास हॉर्नची वाट घडी घातलेली आणि लांब, मिडचा हॉर्न अर्ध्या मीटरच्या आसपास, ट्विटर वीतभरही नाही. एकच ठोका तीन वेळांना कानापर्यंत येतो.

कानाला हे किती कळतं? थोडासा उशीर नुसता उशीर म्हणून कळणं कठीण आहे. खरा त्रास जिथे दोन ड्रायव्हर एकच सूर वाजवतात तिथे होतो. ६००० हर्ट्झची लाट ५.७ सेंटिमीटरची, आणि मिड-ट्विटरमध्ये ४० सेंटिमीटरचा फरक म्हणजे सात लाटांचा, त्यामुळे काही सूर एकमेकांना मारतात आणि काही दुप्पट होतात. ट्विटर वेगळ्या फळीवर बसवून मिडच्या ड्रायव्हरच्या रेषेत मागे नेणं हा विजेशिवायचा उपाय आहे आणि ला स्कालावर तो छान चालतो.

दुसरा उपाय डीएसपी, म्हणजे आकड्यात गणित करून आवाज विभागणारं यंत्र, प्रत्येक ड्रायव्हरला वेगळा अॅम्प्लिफायर आणि प्रत्येकाला हवा तेवढा उशीर. "मग जुनेपणा कुठे राहिला?" असं विचारतात लोक. हॉर्न तोच, ड्रायव्हर तोच, आणि ताकद मोकळेपणा हे गुण त्यांचेच आहेत. मला तर वाटतं की क्लिपशहॉर्नसारख्या लांब बास हॉर्नला वेळ जुळवल्यावर जेवढा फायदा होतो तेवढा इतर कशानेच होत नाही, ड्रमचा ठोका एका जागी येऊन पडतो. मात्र दोन गोष्टी पाळा. डायफ्रॅम आणि अॅम्प्लिफायरच्या मध्ये एक मोठा संरक्षक कपॅसिटर ठेवाच, कारण अॅम्प चालू-बंद होतानाचा एक ठोका ट्विटर जाळू शकतो. आणि अॅम्प शांत असायला हवा, साध्या स्पीकरवर न ऐकू येणारी सूं-सूं इथे १७ डेसिबलने मोठी होते.

मोजायला एक मापनाचा माइक आणि रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर पुरे. ट्विटरच्या वायरी मुद्दाम उलट्या लावून मोजा, आवाज मिडकडून ट्विटरकडे जातो त्या जागी आलेखात खोल खड्डा दिसला तर सरळ लावल्यावर दोघं एकत्र नीट वाजतायत. खड्डा नाही आला तर वेळ अजून जुळलेली नाही.

बास वाढवता येईल का?

एका मर्यादेपर्यंतच. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटरची असते, तिला मोकळ्यावर नीट वाजवायला हॉर्नचं तोंड पावणेतीन मीटर व्यासाचं लागेल. कोपऱ्यात ठेवल्यावर दोन भिंती आणि जमीन हॉर्नचाच भाग बनतात आणि तोंडाचं क्षेत्रफळ आठव्या हिश्शावर येतं, क्लिपशहॉर्नची सगळी युक्ती हीच. म्हणून जुना क्लिपशहॉर्न भिंतीला फोमच्या पट्टीने सील झालेला हवा, फट ठेवलीत तर बास तिथूनच निसटतो. एके६ या नव्या आवृत्तीपासून कंपनीने मागची बाजूच बंद केली, त्याला ही अट नाही.

ला स्कालाला ती युक्ती नाही, तिचा बास ५० हर्ट्झच्या आसपास संपतो. वूफर बदलून, भोक पाडून तो खाली जाणार नाही, कारण मर्यादा हॉर्नच्या आकाराची आहे. जे करता येतं ते करा, बास हॉर्नच्या बाजूच्या पातळ फळ्यांमध्ये आडवा आधार बसवा म्हणजे त्या थरथरत नाहीत, आणि खालच्या सुरांसाठी वेगळा सबवूफर घेऊन उशीर जुळवून लावा.

ओरिजिनल राहिला नाही तर किंमत पडेल ना?

पडू शकते, आणि ती काळजी रास्त आहे. त्यामुळे परत काढता येणार नाही असं काहीच करू नका. नवा क्रॉसओव्हर वेगळ्या फळीवर बनवा, जुना जसाच्या तसा काढून ठेवा. कॅबिनेटला करवत लावू नका, ट्विटरसाठी वर सुटी फळी ठेवा. वायर सोडवायच्या आधी प्रत्येक जोडणीचा फोटो काढा आणि काढलेल्या भागांवर कुठल्या बाजूच्या स्पीकरचा ते लिहून ठेवा, कारण डाव्या-उजव्याचे ड्रायव्हर जोडीने जुळवलेले असू शकतात. बदलही एका वेळी एकच, आणि आधी एकाच स्पीकरवर, म्हणजे दुसरा शेजारी तसाच वाजत असतो आणि मोनो गाणं लावून दोन्ही आलटून पालटून ऐकता येतात.